घरचा संगणक, गावाचा संगणक: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

संगणकाच्या सुरक्षिततेविषयीचे बहुतेक लेख असे धरून चालतात की यंत्र एकाच माणसाचे आहे आणि वीज चोवीस तास आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत यातले काहीच खरे नसते. लॅपटॉप मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला असतो, संध्याकाळी तिचा भाऊ त्यावर सोयाबीनचे भाव पाहतो, आणि पीक विम्याची मुदत जवळ आली की अर्धी गल्ली आधार कार्ड आणि पासबुक घेऊन ओट्यावर येऊन बसते. "भाऊ, येवढा फॉर्म भरून दे ना बाप्पा," असे म्हणणाऱ्या काकाजींना नाही म्हणणे शक्य नसते, आणि म्हणूही नये. म्हणून या लेखात आधी वीज, मग खाती, मग पेनड्राइव्ह आणि त्यानंतर फोन असा क्रम ठेवला आहे, कारण आमच्याकडे नुकसान साधारण याच वाटांनी घरात येते.

खोके उघडण्याआधी बोर्ड पाहा

संगणक ज्या बोर्डावर चालणार आहे, तिथे अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असते, पण वरच्या जाड पिनेच्या मागे तारच नसते. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा लॅपटॉपचा नसून अर्थिंगचा असतो. दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून प्लगची जाड पिन कापून टाकणारे हुशार लोक प्रत्येक गावात असतात. त्यांच्या हाती आपला चार्जर देऊ नये.

घरगुती वीज २३० व्होल्टची मानली जाते, परंतु शेतातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या की दाब खाली बसतो आणि गेलेली लाईन परत येताना कधी कधी एकदम वर उसळतो. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, त्यामुळे कमी दाबाने त्याचे फारसे बिघडत नाही आणि त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याचे कारण नाही. लाईन गेली तरी त्याची बॅटरी तग धरते, म्हणून लोडशेडिंगच्या गावात डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डेस्कटॉपच घ्यायचा असेल, तर यूपीएसवर, म्हणजे लाईन गेल्यावर यंत्र थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या खोक्यावर, पैसे वाचवू नका. ६०० व्हीए क्षमतेचा साधा यूपीएस एक डेस्कटॉप आणि मॉनिटर साधारण दहा-पंधरा मिनिटे चालवतो. हा वेळ काम करत राहण्यासाठी नसून फाइल जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये, कारण तो तापताना इतकी वीज ओढतो की यूपीएस बसून जातो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि आपल्या उन्हाळ्यात त्याच्याही आधी. म्हणून महिन्यातून एकदा भिंतीवरचे बटण मुद्दाम बंद करून ती किती मिनिटे टिकते ते पाहावे.

मृगाच्या आधीपासून विजांचा कडकडाट सुरू होतो. दुकानदार स्पाइक गार्ड, म्हणजे दाबाची उसळी अडवणारा बोर्ड, देताना वीज पडली तरी काही होणार नाही असे सांगतो, ते खरे धरू नका. विजेपासून वाचण्याचा उपाय एकच आहे: आभाळ भरून आले की प्लग भिंतीतून काढून ठेवणे. नुसते बटण बंद करून भागत नाही. राउटरचा अडॅप्टरही काढावा. फायबरच्या तारेतून करंट येत नाही हे खरे, पण अडॅप्टरमधून येतो.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. चंद्रपूर, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही, आणि ॲपलसारखी कंपनी आपल्या आयपॅडसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सियस एवढेच सांगते. म्हणजे दुपारी टिनाच्या खोलीत टॅबलेट चार्जिंगला लावून त्यावर व्हिडिओ पाहणे हे बॅटरीला मारण्याचेच काम आहे. चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करावे, चार्ज होत असताना यंत्र गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये, आणि मोटारसायकलच्या डिक्कीत टॅबलेट ठेवून तहसीलला जाऊ नये. बॅटरी फुगून पडदा किंचित उचलला गेला असेल, तर ते यंत्र त्याच क्षणी वापरातून काढावे. ती टोचून किंवा दाबून पाहू नये. कूलरच्या झोतासमोर संगणक मांडणे ही आणखी एक चूक आमच्याकडे घरोघरी दिसते. कूलरची हवा ओलसर असते, आणि तो ओलावा महिनोन्महिने यंत्राच्या आतल्या सर्किटवर बसत राहतो.

कापसाचे मात्र शहरातल्या कुठल्याच लेखात सापडणार नाही. वेचणीनंतर भाव वाढेल या आशेने कापूस घरातच साठवला जातो, आणि त्याचे बारीक तंतू लॅपटॉपच्या पंख्याजवळच्या जाळीवर नमद्यासारखे घट्ट बसतात. माझ्या लॅपटॉपचा पंखा एका फेब्रुवारीत शेतातल्या थ्रेशरसारखा ओरडू लागला, तेव्हा मागचे झाकण उघडल्यावर जाळीवर बोटभर रुंद पांढरी पट्टी निघाली. चिमट्याने ओढल्यावर ती एका तुकड्यात बाहेर आली. कापूस विकून घर मोकळे झाले की दरवर्षी एकदा ही साफसफाई करून घ्यावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने स्थिर धरावे, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून खराब होतो.

चार्जर किंवा पॉवर बँक आठवडी बाजारातून घेऊ नका. भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आर या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचे नाव दिसते. ते नाव चार्जरवरच्या नावाशी जुळले नाही तर वस्तू परत करावी.

विंडोज आणि खाती

जुना लॅपटॉप घेणार असाल तर आधी हे लक्षात घ्या की विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती प्रणाली चालत राहते, परंतु तिच्यात सापडणाऱ्या नव्या फटी नेहमीच्या मार्गाने बुजवल्या जात नाहीत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये ती नसते. त्यामुळे नागपूरला सीताबर्डीत जाऊन स्वस्तात जुना लॅपटॉप आणण्यापूर्वी दुकानदाराला विंडोज ११ चालवून दाखवायला सांगा आणि सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन या ठिकाणी ती अधिकृत असल्याची खूण पाहून घ्या. "ॲक्टिव्हेट करून देतो, फक्त अँटिव्हायरस दोन मिनिटे बंद करावा लागेल," असे कोणी म्हटले, तर तो चोरीची विंडोज टाकतो आहे असे समजावे; त्या दोन मिनिटांत आणखी काय आत आले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. जुन्याच यंत्रावर भागवायचे असेल, तर लिनक्स मिंट ही फुकट आणि हलकी प्रणाली टाकून घेणे हा प्रामाणिक मार्ग आहे. टायपिंग, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास तिच्यावर आरामात होतो.

विंडोज ११ सोबत विंडोज सिक्युरिटी हा अँटिव्हायरस येतोच, आणि घरच्या वापराला तो पुरतो. वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याऐवजी तेच पैसे बॅकअपच्या, म्हणजे फाइलींची नक्कल ठेवायच्या, डिस्कसाठी ठेवा.

आता खात्यांकडे येऊ, कारण सामायिक घरात सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. नवा लॅपटॉप सुरू करताना जे पहिले खाते तयार होते, त्याला यंत्रावर सगळे अधिकार असतात. ते खाते रोज वापरू नये. त्याचा पासवर्ड घरातल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवावा. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्स आणि त्यात अदर युजर्स इथे जाऊन प्रत्येकासाठी साधे, म्हणजे स्टँडर्ड प्रकारचे खाते उघडावे. या खात्यातून एखादा प्रोग्राम यंत्राच्या मुळाशी हात घालू लागला की विंडोज मुख्य खात्याचा पासवर्ड मागते, आणि तो मुलाला ठाऊक नसल्यामुळे गेमच्या नावाखाली आलेला व्हायरस बहुतेक वेळा तिथेच अडतो.

यात एक खाते शेजाऱ्यांसाठी उघडा. मी त्याचे नाव 'ओटा' ठेवले आहे. हे सुचायला एक प्रसंग कारण झाला. खरिपाच्या विम्याचे अर्ज भरून झाल्यावर दोन महिन्यांनी मी डाउनलोड्सचा फोल्डर उघडला, तर त्यात गावातल्या तीसेक लोकांची आधार कार्डे, पासबुकांची पहिली पाने आणि सातबारे पडलेले होते. त्यातली काही माझ्या भाच्याने वापरलेल्या खात्यात, काही व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये दुसऱ्यांदा. लोकांनी माझ्या भरवशावर दिलेले ते कागद माझ्या आळसामुळे उघड्यावर होते, आणि लॅपटॉप दुरुस्तीला गेला असता तर कोणाच्या हाती लागले असते हे सांगता येत नाही. तेव्हापासून दुसऱ्याचे प्रत्येक काम ओटा या खात्यातच, ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोमध्ये होते. ब्राउझरने पासवर्ड साठवू का असे विचारले की उत्तर नेहमी नाही. काम झाल्यावर पोर्टलमधून लॉग आउट, मग डाउनलोड केलेल्या फाइली शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबून कायमच्या काढणे, आणि फोनवरून फोटो मागवले असतील तर व्हॉट्सॲपमधूनही काढणे, हे सगळे तो माणूस समोर बसलेला असतानाच उरकावे. ओळखीसाठी फक्त आधारची प्रत हवी असेल आणि पूर्ण क्रमांक आवश्यक नसेल, तिथे मास्क केलेले आधार द्यायला सुचवावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. दुसऱ्याचा ओटीपी आपण मोठ्याने विचारून टाइप करतो, तेव्हा ओट्यावर बसलेले इतरही तो ऐकत असतात, याचेही भान असू द्या.

पेनड्राइव्ह

आमच्याकडे व्हायरस पेनड्राइव्हमधून फार येतो, आणि तो पेनड्राइव्ह प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात जाऊन आलेला असतो. खूण अशी: घरी येऊन तो लावला की आत तुमचे फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा वळलेला बाण असतो, आणि त्याच नावाची फाइल अवघी एक-दोन केबीची असते. ते तुमचे फोल्डर नसून त्यांच्या नावाचे शॉर्टकट आहेत. खरे फोल्डर तिथेच लपवलेले असतात. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केले की तुमचा फोल्डर उघडतोही, त्यामुळे माणसाला संशय येत नाही, आणि मागच्या मागे व्हायरस संगणकात शिरलेला असतो.

असा पेनड्राइव्ह दिसला की काहीही न उघडता त्यावर उजवी क्लिक करून विंडोज सिक्युरिटीने स्कॅन करावे. नंतर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केला, तर अस्सल फोल्डर बहुधा फिकट रंगात दिसू लागतात. तिथेही काही दिसले नाही, तर पेनड्राइव्ह तसाच ठेवून जाणकाराला दाखवावा, घाईने फॉरमॅट करू नये, म्हणजे पूर्ण पुसून कोरा करू नये. फोल्डर दिसले तर त्यातली आपली कागदपत्रे तेवढी उचलून घ्यावीत आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. याच व्ह्यू मेनूत फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, म्हणजे एक्स्टेन्शन, दाखवण्याची सोय आहे. ती कायम चालू ठेवा. 'सातबारा.पीडीएफ' असे दिसणारे नाव प्रत्यक्षात 'सातबारा.पीडीएफ.ईएक्सई' असू शकते, आणि हा शेवटचा तुकडा दिसला नाही तर कागद आणि प्रोग्राम यातला फरक कळत नाही.

सोपी शिस्त म्हणजे प्रिंटसाठी एक छोटा पेनड्राइव्ह वेगळा ठेवणे, त्यावर त्या दिवशी छापायची तेवढीच पीडीएफ नेणे आणि घरी आल्यावर तो उघडण्याऐवजी थेट फॉरमॅट करणे. मुलांच्या फोटोंचा पेनड्राइव्ह त्या दुकानात कधीही नेऊ नये.

लग्नपत्रिका आणि फोन

गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एक फाइल येते, आणि ती ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. तिच्या नावाच्या शेवटी एपीके असे असते. पत्रिका ही फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. पीएम किसानच्या नावानेही अशाच फाइली फिरतात. ती टाकल्यावर ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि एकदा ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराच्या हाती पडतो. अँड्रॉइड फोन आणि टॅबलेटमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकण्याची परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते; सेटिंग्जमध्ये ती यादी उघडून व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर या तिन्हींपुढचे बटण बंद आहे ना ते आजच पाहा. ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यावे.

चुकून अशी फाइल टाकली गेलीच, तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या फोनचा मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून तो एअरप्लेन मोडवर टाका. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण पैसा पुढच्या खात्यांत पसरण्याआधी तो गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. फोन त्यानंतर फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे आतले सगळे पुसून नव्यासारखा करावा. सिम असलेला फोन किंवा टॅबलेट हरवला, तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी पोर्टलवर त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, बंद करता येतो; म्हणून खोक्यावरचा तो क्रमांक कापून बिलासोबत जपून ठेवावा.

दुसरी युक्ती फोनवरून येते. आज रात्री तुमची वीज कापली जाणार, बिल अद्ययावत करायचे आहे, एक ॲप टाका, असे सांगून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावतात आणि स्क्रीनवर दिसणारा आकडा विचारतात. दूर बसून दुसऱ्याचे यंत्र चालवण्याची ही ॲप स्वतः खोटी नाहीत; पण तो आकडा देऊन समोरून आलेली विनंती मान्य करणे म्हणजे आपला संगणक समोरच्याच्या हाती देणे. आपण स्वतः ज्याला फोन केला आहे आणि ज्याला ओळखतो, त्याच्याशिवाय कोणालाही हा आकडा सांगू नये. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावे.

पासवर्ड, डेटा आणि मराठी टायपिंग

पासवर्ड लांब असावा, अवघड असण्याची गरज नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले, तर ते लक्षातही राहतात आणि ओळखताही येत नाहीत. मात्र गावाचे नाव, मुलाचे नाव आणि जन्मसाल टाळावे. वहीत लिहून कपाटात ठेवायला माझी हरकत नाही, लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवायला आहे. गुगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक रिचार्जअभावी बंद पडू देऊ नये, कारण बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याच माणसाला दिला जातो.

फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल, तर त्या वायफायच्या सेटिंग्जमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा. नाहीतर विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवते आणि दिवसाचा डेटा सकाळीच संपतो. अर्थात अपडेट कायमचे अडवायचे नाही. आठवड्यातून एकदा, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, ते मुद्दाम होऊ द्यावे.

मराठी लिहिण्यासाठी जुन्या कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टच्या मागे लागू नका. त्यात लिहिलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, आणि विंडोजचे बटण दाबून धरून स्पेस दाबले की इंग्रजीतून मराठीत जाता येते. फोनेटिकमध्ये उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे दाबायची असतात, म्हणून टायपिंगची सवय नसलेल्यांना तो सोपा जातो; इनस्क्रिप्टमध्ये मराठी अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात. सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी मात्र सुरुवातच इनस्क्रिप्टने करावी.

बॅकअप आणि एक लांबलचक आकडा

एक बाहेरची डिस्क घ्या, महत्त्वाच्या फोल्डरची नक्कल दर रविवारी तिच्यावर करा आणि नक्कल झाली की ती काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेली डिस्क विजेच्या झटक्यात किंवा व्हायरसच्या हल्ल्यात संगणकाबरोबरच जाते. जमिनीचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका आणि जात प्रमाणपत्र एवढ्यांची आणखी एक प्रत बहिणीच्या किंवा भावाच्या घरी असावी. जी कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये मिळतात, ती तिथेही घेऊन ठेवावीत. तीन-चार महिन्यांतून एकदा डिस्कवरची एखादी फाइल उघडून पाहा, कारण न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखीच.

विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कवरची माहिती बहुधा आपोआप कुलूपबंद होते, त्यामुळे चोराला ती वाचता येत नाही. पण मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघाड झाला, तर तेच कुलूप तुम्हालाही अडवते आणि ४८ अंकांची रिकव्हरी की मागते. ती लॅपटॉप पहिल्यांदा लावताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि आमच्याकडे ते खाते पुष्कळदा दुकानदाराच्याच ईमेलने उघडलेले असते. तेव्हा लॅपटॉप दुकानातून उचलण्याआधी तो स्वतःच्या खात्याने सुरू करून घ्या, घरी आल्यावर त्या खात्यात जाऊन हे ४८ अंक कागदावर उतरवा, दुसऱ्या कोणाकडून एकेक अंक ताडून घ्या, आणि तो कागद सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत नको.